मूळ प्रत दाखवा

१

प्रत्येक गुन्हेगार मागं काहीतरी खूण ठेवून जातोच, असं गुन्हेशास्त्र सांगतं. कुणी केस ठेवतो, कुणी बोटाचा ठसा, कुणी बुटाची माती. बारामतीतल्या या गुन्हेगारानं मागं झेरॉक्स ठेवली होती. तीही दोन्ही बाजूंची.

ती सापडली एप्रिलमधल्या एका बुधवारी सकाळी अकरा वाजता, लियाकत तांबोळी यांच्या लोखंडी कपाटात. लियाकतभाईंचा धंदा गाड्यांचे कागद करून देण्याचा. गाळा अर्धाच, कारण उरलेल्या अर्ध्यात सबिनाचं झेरॉक्सचं मशीन होतं. एक टेबल, एक कपाट, मागं लियाकतभाई आणि समोर गिऱ्हाईकासाठी एक खुर्ची. एकतीस वर्षांत त्या खुर्चीवर अर्धा तालुका बसून गेला होता. सगळं ऑनलाइन झाल्यापासून मात्र खुर्ची बहुतेक वेळ रिकामी असे आणि लियाकतभाई तिच्याकडे बघत बसत. घरी जाऊन बघण्यासारखं तेवढंही नव्हतं. पत्नी फरजानाभाभींना जाऊन तीन वर्षं झाली होती. मुलगा अयान पुण्यातून दर रविवारी फोन करून "अब्बा, गाळा बंद करा न् हिकडं या" म्हणायचा आणि ते "बघू" म्हणायचे.

त्या बुधवारी खुर्चीवर गेणबा कोकरे होते. पणदऱ्याचे. वय चौऱ्याहत्तर, दूध संस्थेचे निवृत्त सचिव, डोक्यावर टोपी, खिशात बटणांचा फोन. त्यांनी पोलिसांची नोटीस टेबलावर ठेवली आणि ती दुसऱ्या कुणाची असावी अशा अलिप्तपणे म्हणाले, "वाचा."

गेणबांच्या वॅगन आर गाडीनं सोळा तारखेला, गुरुवारी, संध्याकाळी पावणेसहाला भिगवणच्या पुढं एका रसवंतीचा मांडव पाडला होता. मांडवाखाली मालक होता. त्याचं मनगट मोडलं. गाडी थांबली नाही. पण उसाच्या चिपाडाच्या ढिगात तिचा वेग मंदावला, तेवढ्यात रस पिणाऱ्या तिघांनी नंबर पाठ करून ठेवला. नोंदणीकृत मालक म्हणून गेणबांनी सोमवारी अकरा वाजता ठाण्यात हजर राहावं, असा मजकूर होता.

"पण तात्या, गाडी तर तुम्ही ऑगस्टमध्येच विकली. इंदापूरच्या शंभूराज गलांडेला. इथंच बसून."

"व्हय की. शंभूराजला फोन लावला मी. तो म्हनतो, गाडी माझी न्हाईच. तात्यांनी वापराय दिलीया, मालक तेच. कागुद दाखवा म्हनतो."

"दाखवू की!" लियाकतभाई उठले. बऱ्याच दिवसांनी त्यांना कुणाच्यातरी उपयोगी पडण्याची संधी आली होती.

त्यांच्या मागच्या भिंतीवर त्यांनीच छापून घेतलेली सूचना होती. 'गाडी खासगीत विकताना घ्यावयाची काळजी.' एकोणतीस आणि तीस नंबरचे फॉर्म कोरे सही करून देऊ नका. चावी देण्याआधी ताबा पावती करा, तीवर तारीख आणि वेळ लिहा. गाडी नावावर होईपर्यंत पाठपुरावा सोडू नका. शेवटची ओळ ठळक होती. 'मूळ कागद विश्वासू माणसाकडेच ठेवा.'

गेणबांनी ते लियाकतभाईंकडे ठेवले होते.

कपाटातून कोकऱ्यांची फाइल निघाली. लेस नीट गाठ मारलेली. आत सगळं क्रमानं: आरसी, एकोणतीस नंबरच्या दोन प्रती, तीस नंबर, ताबा पावती. लियाकतभाईंनी पावतीवरून बोट फिरवलं. शंभूराजच्या सहीचा दाब बोटाला लागायला हवा होता. कागद गुळगुळीत होता. त्यांनी आरसी उचलली. प्लॅस्टिकचं कार्ड कागदासारखं वाकलं. चेसिस नंबरवर कागद धरून पेन्सिल घासून काढलेला ठसा त्यांनी अंगठ्यानं चोळला. शिसं अंगठ्याला लागलं नाही.

सगळ्याची झेरॉक्स होती. मूळ कागद एकही नव्हता.

२

झेरॉक्स म्हटल्यावर संशय कुणावर जाणार, हे सबिनाला लियाकतभाईंच्या आधी कळलं.

"चाचा, माझ्याकडं असं बघू नका," ती म्हणाली. "कपाटाची चावी कॅलेंडरच्या खिळ्याला असते हे मला ठाऊक आहे, खरंय. पण ते अख्ख्या बारामतीला ठाऊक आहे. परवा एका गिऱ्हाइकानं मला विचारलं, चाचांची चावी आज खिळ्याला का नाही म्हणून."

"मी कुठं काय म्हणालो?"

"म्हणायला कशाला पाहिजे? तुम्ही माझ्या मशीनकडं बघितलं." तिनं त्यातला एक कागद उजेडात धरला. "हे माझ्या मशीनवरचं नाहीच. माझ्या मशीनच्या डाव्या कडेला काळी रेघ येते. वर्षभर येतीय. गिऱ्हाइकं भांडतात, मी म्हणते, ती समासाची आहे. ह्यात रेघ कुठंय? एकदम नव्या मशीनचं काम आहे. न् काय ओ, चोरी करणाऱ्यानं झेरॉक्स कशाला ठेवली असंल?"

हा प्रश्न लियाकतभाईंना पडला होताच. पण दुसऱ्याच्या तोंडून ऐकल्यावर तो जास्त चांगला वाटला. फाइल गायब करायची तर सरळ न्यावी. जागा भरायची तर रद्दी कोंबावी. पैसे खर्चून, क्रमानं, दोन्ही बाजूंची प्रत काढून, पुन्हा लेस बांधून ठेवणारा चोर त्यांनी पाहिला नव्हता.

गेणबा खुर्चीत शांत बसले होते. "चालायचंच," ते म्हणाले. "मी जाईन सोमवारी. बोलावलंय तर जायाचं."

"तात्या, मूळ पावती नसेल तर मालक म्हणून तुमच्यावर येईल सगळं. पोलीस झेरॉक्स बघत नाहीत. मूळ प्रत दाखवा म्हणतात."

"म्हनू द्यात."

लियाकतभाईंना वाटलं, म्हातारा धीर देतोय. एकतीस वर्षांत त्यांच्या कपाटातून एक चिठोरंही हरवलं नव्हतं. नवी आरसी काढायची तर आधी हरवल्याची तक्रार द्यावी लागणार, आणि तक्रारीत लिहावं लागणार, कागद कुठून हरवले. 'तांबोळींच्या कपाटातून' हे दोन शब्द एकदा सरकारी कागदावर उमटले, की समोरच्या खुर्चीवर पुन्हा कुणी बसणार नव्हतं. मग अयानचं ऐकून पुण्याला जावं लागलं असतं आणि नवव्या मजल्यावरच्या गॅलरीतून दुसऱ्यांच्या गाड्या मोजाव्या लागल्या असत्या.

गेणबा एसटीनं गेले. लियाकतभाई आठवायला लागले. एप्रिलच्या पहिल्या शुक्रवारी फाइलमध्ये मूळ कागद होते, हे नक्की. कारण मार्चअखेरीस शंभूराजनं एकदाचं पत्त्याच्या पुराव्याचं आधारकार्ड पाठवलं होतं आणि ते त्यांनी स्वतः लेस सोडून आत लावलं होतं. सात महिने तो 'उद्या देतो' म्हणत होता. पुढच्या आठवड्यात फाइल दाखल करायची, एवढ्यात त्यांच्या गुडघ्यानं दगा दिला, आरटीओच्या फेऱ्या थांबल्या आणि काम पंधरा दिवस पडलं. दर शुक्रवारी दुपारी ते नमाजला जात. तेवढा अर्धा तास खुर्चीवर जो असेल त्याला "जरा बसा, आलोच" म्हणून जायची त्यांची पद्धत होती. कुलूप लावलं तर गिऱ्हाईक परत जातं, असा त्यांचा अनुभव.

"शुक्रवारी कोण बसलं होतं गं एप्रिलात?"

सबिनानं बोटं मोजली. "तीन तारखेला कोकरेतात्या. ते तर दर शुक्रवारी येतात. दहाला पण तेच. सतराला ते आले नाहीत, मी एकटीच..." ती थांबली. "नाही. सतराला तुम्ही गेल्यावर शंभूराज आला होता. घामाघूम. 'माझी फाइल कुठं ठेवलीय' विचारत होता."

सतरा म्हणजे रसवंती पाडल्याचा दुसरा दिवस.

३

आता खरं तर सगळं उलगडलं होतं. फायदा शंभूराजचा, संधी शंभूराजची, घामही शंभूराजचाच. तरी "मग काय सांगितलंस?" या प्रश्नावर सबिनानं गुंता केला. "म्हटलं, चाचा आल्यावर विचार. तो दारातच उभा होता. मी इथंच होते, चाचा. आत आला नाही. पाच मिनिटांत गेला."

गुरुवारी सकाळी लियाकतभाई स्कूटरवरून पणदऱ्याला गेले. निमित्त म्हणजे हरवल्याच्या अर्जावर गेणबांची सही घेणं. अर्ज त्यांनी लिहिला होता. फक्त 'कुठून हरवले' समोरची जागा कोरी होती. कोऱ्या जागेवर सही घेऊ नये हे त्यांच्याच भिंतीवर लिहिलेलं होतं.

दूध संस्थेच्या दारात नव्या सचिवानं त्यांना पत्ता सांगितला. "आमचे जुने साहेब का? हे काय, पलीकडच्या बोळात. रोज एक चक्कर असतीय त्यांची हितं. कागुद नीट लावून देत्यात. आता आमी नवं मशीन आनलं, तवापास्नं त्येच्यावर बी त्येंचा जीव." मग आवाज खाली आणून म्हणाला, "एकटंच असत्यात ना. येत्यात बिचारे."

गेणबांचं घर तीन खोल्यांचं आणि एका खोलीपुरतं वापरातलं. अंगणात गाडीची रिकामी पत्र्याची शेड होती, आणि शेडमधली जमीन रोज झाडलेली दिसत होती. बाजूला दावं गुंडाळून ठेवलेला गोठा, तोही रिकामा.

"म्हस इकली," गेणबा म्हणाले. "आमची कुशाबाई गेली, मग धार काढायची कुनासाठी? बसा. च्या टाकतो."

चहा कोरा आला. दुधाच्या गावात, दूध संस्थेच्या सचिवाच्या घरी कोरा चहा पिताना लियाकतभाईंना जरा चमत्कारिक वाटलं.

"दूध लावलं न्हाई मी," गेणबा म्हणाले. "एकट्याला पावशेर घ्यायचं, न् उरलेलं नासवायचं."

समोरच्या भिंतीवर कॅलेंडर होतं. एप्रिलचं पान. सहा, तेरा आणि वीस तारखेला निळ्या पेनानं गोल, गोलात एकेक टिंब. सगळे सोमवार. आणखी एक गोल एका गुरुवारी. कुठल्याही घरात असतात तसे दुधाचे खाडे, असं म्हणून लियाकतभाईंची नजर पुढं सरकली. सोमवारचा उपवास असेल.

"युवराजचा फोन येतो का?" त्यांनी विचारलं. युवराज म्हणजे गेणबांचा मुलगा, तो मेलबर्नला होता.

"येतो की. सनाला." गेणबांनी खिशावरून हात फिरवला. फोन जागेवर आहे का, हे ते दर दोन मिनिटांनी तपासत होते. "त्याचा दिवस म्हंजी त्याचं काम. न् आपली सांज म्हंजी त्याची रात. मग कवा करनार?"

त्यांनी अर्जावर सही केली. अक्षर सुरेख, सचिवाचं. कोऱ्या जागेवर त्यांनी बोट ठेवलं.

"हितं काय लिवनार?"

"माझं नाव. तांबोळींच्या कपाटातून."

गेणबांनी बोट उचललं. "तुमचं नाव कशाला?" ते म्हणाले. त्यांच्या आवाजात पहिल्यांदाच काहीतरी हललं. "बसमधी हरवलं म्हना. माझ्या हातनं."

"खोटं कसं लिहू, तात्या?"

निघताना लियाकतभाईंनी मागं बघितलं. म्हातारा शेडच्या दारात उभा होता, आतून गाडी मागं घेणाऱ्याला जागा द्यावी तसा बाजूला सरकून.

४

स्कूटर बारामतीत ठेवून लियाकतभाई दुपारच्या एसटीनं इंदापूरला गेले. तिथं शंभूराज गलांडे ठिबक सिंचनाचे सुटे भाग विकायचा. दुकानासमोर चांदीच्या रंगाची वॅगन आर उभी होती. पुढचा बंपर नवा होता आणि बाकीच्या गाडीला लाजवत होता.

"या चाचा," शंभूराज म्हणाला. वय तीस, हसू तयार. "गाडी तात्यांची. मी आपला चालवतो. कागद असेल माझ्या नावाचा तर दाखवा, आत्ता ठाण्यात येतो."

"सतराला माझ्या गाळ्यावर फाइल शोधत होतास."

"विचारायला आलो होतो. विचारायची चोरी आहे का?" हसू जरा आखडलं. "आणि खरं सांगू? ती बाई म्हणाली चाचा नाहीत, मी आलो परत. हात लावला असेल तर हात झडो. तुमच्याकडनं कागद हरवले, हे मला तात्यांच्याच फोनवरनं कळलं काल. मला वाटलं, बरंच झालं. खोटं कशाला बोलू?"

हे त्या दिवसातलं त्याचं पहिलं खरं वाक्य असावं, असं लियाकतभाईंना वाटलं. कागद यानंच नेले असते, तर 'बरंच झालं' असं तो उघड म्हणाला नसता. आणि कागद याच्या हाती लागले असते, तर मागं झेरॉक्स कशाला राहिली असती? यानं राखसुद्धा ठेवली नसती.

"सोळाला कुठं होती गाडी?"

"इथं. दारात. मी पुण्याला जातो ते सोमवारी. कंपनीची मीटिंग असते. सोमवार सोडून ही गाडी हलत नाही. अहो, हलवायची सोय आहे का? गाडी घेऊन पार फसलोय मी! फेब्रुवारीत नऊ तारखेला हडपसरात क्लच गेला. रात्रभर मेकॅनिकच्या दारात झोपलो. मंगळवारी दुपारी परत. एसी तर पहिल्या दिवसापासून..."

गाडी घेतलीच नाही म्हणणारा माणूस तिच्या क्लचबद्दल दहा मिनिटं बोलत राहिला. लियाकतभाईंनी ऐकून घेतलं. ऐकून घेणं हा त्यांच्या धंद्याचा भाग होता आणि अलीकडे तोच भाग उरला होता.

"टोलचा टॅग कुणाचा आहे रे गाडीवर?"

"जुनाच. तात्यांचा. मी मोबाईलवरनं पैसे टाकत राहतो, चालतंय. का?"

"काही नाही," लियाकतभाई म्हणाले.

परतीच्या एसटीत खिडकीची जागा मिळाली. बाहेर ऊस, मग ऊस, मग कॅनॉल, मग ऊस. त्यांनी डोळे मिटले आणि एक एक गोष्ट समोरच्या खुर्चीवर बसवून पाहायला लागले. काळी रेघ नसलेली झेरॉक्स. नव्या मशीनवर जीव असलेला निवृत्त सचिव. आठ महिने दर शुक्रवारी येणारा, पण 'झाली का गाडी नावावर' हे एकदाही न विचारणारा विक्रेता. गाडी विकलेला माणूस याखेरीज दुसरं काही विचारत नाही. लियाकतभाई त्याला भिडस्तपणा समजले होते.

मग त्यांना चहा आठवला आणि ते खिडकीला टेकलेले सरळ बसले.

ज्याच्या घरी दूधच येत नाही, त्याच्या कॅलेंडरवर दुधाचे खाडे कसे?

५

दुसरा दिवस शुक्रवार होता. नमाजनंतर गाळ्यावर न जाता ते थेट पणदऱ्याला गेले. गेणबा घरीच होते. लियाकतभाई काही न बोलता कॅलेंडरपाशी गेले. सहा, तेरा, वीस. आणि गुरुवार, सोळा. गोल आणि टिंब.

"सोमवारचा उपवास करता का, तात्या?"

"न्हाई बा."

"आणि केला तरी उपवासाला दूध चालतंच की."

त्यांनी पानं मागं उलटली. मार्च. फेब्रुवारी. प्रत्येक सोमवारी गोल आणि गोलात टिंब. फक्त नऊ तारखेचा गोल रिकामा होता. टिंब दहाच्या चौकोनात होतं, एवढं दाबून दिलेलं की कागद फाटला होता.

"नऊला गाडी पुण्याला गेली," लियाकतभाई म्हणाले, "आणि परत आली नाही. क्लच गेला होता. दहाला दुपारी आली. हे शंभूराजला ठाऊक, मेकॅनिकला ठाऊक, आणि पाटसच्या टोलनाक्याला ठाऊक. नाक्यावर टॅग वाजला की मेसेज जातो, तो ज्याच्या नावाचा टॅग त्याच्या फोनवर."

गेणबांचा हात खिशाकडे गेला आणि तिथंच थांबला.

"गोल म्हणजे गेली. टिंब म्हणजे आली. बरोबर?"

गेणबांनी कॅलेंडरचं पान परत एप्रिलवर आणलं.

"तुमीच म्हनला व्हता," गेणबा म्हणाले. "ऑगस्टात, सह्या करताना. 'एकदा गाडी नावावर झाली की टॅग बंद, मग तुमच्या फोनवर काय येनार न्हाई, डोक्याला ताप न्हाई.' मी म्हनलं, बरं झालं. मंग पयल्या सोमवारी सकाळी फोन वाजला. इंग्रजीत. नाक्याचं नाव न् टाइम तेवढा वाचला. मला वाटलं, आता ही निम्मी गेली असंल, आता हडपसर. मी आपला वाट बघत बसलो. संध्याकाळी परत वाजला. मग जेवलो."

"दर सोमवारी?"

"गाडी परत आल्याबिगर घास उतरत न्हाई. कुशाबाईला डायलिसिसला न्यायचो ना पुन्याला, तवा ती बी घरी आल्याबिगर जेवत नसे. सवय." त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "लियाकतभाय, पोरगं गेलं कवा न् आलं कवा, मला कोन सांगतं? ही गाडी सांगती. नऊ तारखेला तर रातभर उंबऱ्यावर बसलो. शंभूराजला फोन लावावा, तर काय म्हनायचं? तुझी गाडी अजून आली न्हाई? मी कोन इचारनारा?"

"म्हणून तीन तारखेला मी फाइल पुढच्या आठवड्यात लावतो म्हणालो, आणि नमाजला गेलो..."

"पिशवीत घातली. संस्थेत प्रती काढल्या. पुढच्या शुक्रवारी ठिवल्या." आणि मग, पहिल्यांदाच जरा दुखावल्यासारखे, "फाइल मोकळी कशी ठिवायची? चौतीस वर्सं सचिव व्हतो मी. अस्सल काढलं की जागेवर प्रत लावायची, ही रीतच हाय."

लियाकतभाईंना हसू आलं आणि ते गिळावं लागलं. "पण नोटीस आली तेव्हा तरी सांगायचं! तुमच्या फोनमध्येच पुरावा आहे. सोळाला गाडी रस्त्यावर होती."

"हाय की. पाटसला संध्याकाळी पाच वाजून चार मिन्टं. तितनं भिगवण चाळीस मिन्टं." गेणबांनी ते आरतीसारखं पाठ म्हटलं. "पर सांगितलं तर कागुद निघनार. कागुद निघालं तर गाडी नावावर जानार. म्हनलं, पोलीस तर पोलीस. सोमवारी कुनी तरी बोलावलंय, जाऊन येऊ." त्यांनी मान खाली घातली. "फकस्त तुमचं नाव त्या अर्जात येईल, हे ध्यानात आलं न्हवतं. कालपास्नं जेवलो न्हाई."

ते आत गेले. कुशाबाईंच्या पत्र्याच्या पेटीतून त्यांनी प्लॅस्टिकची पिशवी आणली. मूळ आरसी, मूळ फॉर्म, मूळ ताबा पावती. शंभूराजची सही, तारीख, वेळ सकाळी अकरा वीस. लियाकतभाईंनी अंगठ्यानं चेसिसचा ठसा चोळला. शिसं लागलं.

रागवावं असं त्यांना वाटत होतं. पण त्यांच्या स्वतःच्या टेबलाच्या खालच्या खणात रेशनकार्डातून नाव कमी करण्याचा एक फॉर्म तीन वर्षं पडून होता. अख्ख्या तालुक्याचे फॉर्म भरणाऱ्या माणसाला त्यात फक्त एकच नाव लिहायचं होतं.

"मूळ कागद कपाटातच होते," ते म्हणाले. "मागच्या बाजूला पडले होते. मी नीट बघितलं नाही. चहा टाका, तात्या. कोराच."

६

शनिवारी लियाकतभाईंनी शंभूराजला फोन केला. "पाटस नाका, गुरुवार सोळा, पाच वाजून चार मिनिटं," एवढंच म्हणाले, आणि मूळ ताबा पावती सापडल्याचं सांगितलं. पलीकडे दुकानाचं शटर ओढल्याचा आवाज आला.

"दुसऱ्या कंपनीत मुलाखतीला गेलो होतो," शंभूराज हळूच म्हणाला. "इथल्या साहेबाला कळलं असतं. घाबरलो चाचा. थांबायला पाहिजे होतं."

सोमवारी अकराला तो स्वतः ठाण्यात हजर झाला. रसवंतीवाल्याच्या उपचाराचा आणि नव्या मांडवाचा खर्च त्यानं मान्य केला. बाकीचं कोर्टात व्हायचं ते होईल. गेणबांना नुसतं बसवून ठेवलं आणि चहा दिला. दुधाचा होता, असं ते नंतर सांगत होते.

त्याच आठवड्यात लियाकतभाईंनी फाइल दाखल केली. मोबाईलवर आलेला ओटीपीचा आकडा गेणबांनी स्वतः वाचून दाखवला. प्रत्येक अंकाला थांबत होते, पण आकडा बरोबर होता. मे महिन्याच्या मध्यात गाडी शंभूराज गलांडे यांच्या नावावर झाली. हे कळवायला लियाकतभाई पणदऱ्याला गेले, तेव्हा गेणबांनी कॅलेंडर भिंतीवरून काढून गुंडाळून ठेवलेलं होतं.

"शुक्रवारी येत जा," लियाकतभाई म्हणाले. "मी नमाजला गेल्यावर गाळ्यावर माणूस लागतो."

"येतो," गेणबा म्हणाले. पण त्या शुक्रवारी आले नाहीत. खुर्ची रिकामी राहिली. सबिनानं दोनदा विचारलं, दोन्ही वेळा लियाकतभाईंनी "एसटी चुकली असेल" म्हणून सांगितलं.

सोमवारी सकाळी सव्वानऊला फोन वाजला. गेणबांचा होता. एकतीस वर्षांच्या कामात इतकं घाबरलेलं आणि इतकं खूश कुणी त्यांच्याशी बोललं नव्हतं.

"लियाकतभाय, पाटसचा मेसेज आला! आत्ता! गाडी तर नावावर झाली ना त्याच्या? मंग मला कसा आला? काय चुकलं का आपलं? परत पोलीस येत्यात का?"

लियाकतभाईंनी फोन धरूनच सबिनाला तिच्या मोबाईलवर नियम बघायला लावला. तिनं वाचून दाखवला. त्यांनी दोनदा वाचून घेतला. ऑगस्टमध्ये आपण किती खात्रीनं काय सांगितलं होतं, ते त्यांना शब्दन् शब्द आठवलं.

गाडी दुसऱ्याच्या नावावर झाली म्हणून टोलचा टॅग आपोआप बंद होत नाही. बंद करायचा तर टॅग ज्याच्या नावावर आहे त्यानं तसा अर्ज द्यावा लागतो. टॅग गेणबांच्या नावावर होता.